गोव्याच्या सहलीत पाय का सोलतात? चपला-बुटांच्या नेहमीच्या तक्रारी आणि त्यांवरचे उपाय

दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि मे महिना हा आमच्या अंत्रुज महालात, म्हणजे फोंडा तालुक्यात, पाहुण्यांचा हंगाम. पुण्या-मुंबईहून, कोल्हापूर-सांगलीहून माणसं येतात. कुणाचं कुलदैवत मंगेशी, कुणाचं म्हार्दोळची म्हाळसा, कुणाचं कवळ्याची शांतादुर्गा. सकाळी दर्शन, दुपारी जुने गोवे, संध्याकाळी मिरामार असा पहिला दिवस जातो आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला घरातलं कुणीतरी टाच हातात धरून बसलेलं असतं. बूट नवे असतात, चांगल्या दुकानातले असतात, वर ‘अगं, दुकानात तर एकदम मऊ लागत होते’ हेही ऐकायला मिळतं.

दरवर्षी त्याच तक्रारी येतात म्हणून एकदा नीट लिहून काढते. माझं मत विचाराल तर यातल्या बहुतेक दुखण्यांचं मूळ ओल. देवळाच्या नळावर धुतलेले पाय, खाऱ्या पाण्यात भिजलेली चप्पल, घाम, दमट हवा, दोन पावसाळे कपाटात पडून राहिलेले बूट. फोड येणं, तळ निघणं, पाय घसरणं, चामडं कडक होणं, वास मारणं या तक्रारी वरवर वेगळ्या दिसतात, पण खोदत गेलं की पाणी लागतंच. त्यामुळे कुठलाही उपाय करण्याआधी पाणी कुठून आलं ते बघायचं.

नवे बूट चावतात, टाचेला फोड येतो

ही सगळ्यांत मोठी तक्रार, म्हणून हिच्यावर जरा जास्त लिहिते.

चालताना कातडी मोज्याला आणि बुटाला धरून राहते, आतलं हाड मात्र पावलागणिक पुढेमागे सरकतं. कातडीचे थर एकमेकांवर ओढले जातात, शेवटी एकमेकांपासून सुटतात आणि मधल्या पोकळीत पाणी भरतं. तोच फोड. कोरड्या कातडीवर मोजा थोडा तरी सरकतो आणि ओढ कमी बसते. अर्धवट पुसलेल्या, दमट कातडीला तो चिकटून बसतो. म्हणून घामेजलेला पाय कोरड्यापेक्षा कितीतरी लवकर सोलतो.

आता पहिल्या दिवसाचा क्रम डोळ्यांसमोर आणा. देवळाबाहेर बूट काढले, नळावर पाय धुतले, दर्शन घेतलं. बाहेर आलात तर गाडीवाला घाई करतोय, मग पाय तसेच मोज्यात आणि मोजे बुटात. तिथून जुने गोवे. बॉम जेजूची बासिलिका, रस्ता ओलांडून से कॅथेड्रल, हौस असेल तर चढण चढून सेंट ऑगस्टिनचा पडका मनोरा. चर्चमध्ये पायताण काढावं लागत नाही, त्यामुळे बूट थेट संध्याकाळपर्यंत पायात. सकाळी नळावर घेतलेलं पाणी दिवसभर आत कोंडलेलं. यात बिचाऱ्या बुटाचा काय दोष?

उपाय अगदी साधा आहे, पण करायला कंटाळा येतो. एक छोटा पंचा हातपिशवीत ठेवा, सामानाच्या बॅगेत नको. देवळातून बाहेर पडल्यावर कट्ट्यावर बसून पाय पुसा, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. दुपारी जेवायला बसाल तेव्हा मोजे बदला. त्याहून सोपं म्हणजे देवदर्शनाच्या दिवशी बूट घालूच नका. पट्ट्याचे सँडल काढायला-घालायला सोपे, आणि फोंडा तालुक्यात एका सकाळी तीन-चार देवळं झाली तर नाड्या किती वेळा सोडणार?

मोज्यांबद्दल आपल्याकडे एक ठाम समजूत आहे, की सुती तेच चांगले. रोजच्या ऑफिसला ठीक आहे. दिवसभर चालायचं असेल तर शुद्ध सुती मोजा घाम पितो आणि धरून ठेवतो. नायलॉन किंवा पॉलिस्टर मिसळलेले खेळाचे मोजे लवकर सुकतात. ते घट्ट बसतात हे बघा. ढगळ मोज्याची टाचेखाली एक चुणी पडली तरी फोड यायला तेवढं पुरतं.

ज्यांना नेहमीच फोड येतात त्यांनी निघायच्या आधीच पट्टी लावावी. औषधाच्या दुकानात कागदी चिकटपट्टी मिळते, मायक्रोपोर म्हणून. टाच, अंगठ्याची बाहेरची बाजू, करंगळी, जिथे तुम्हाला नेहमी त्रास होतो तिथे ती कोरड्या कातडीवर लावायची. पट्टीचे चारही कोपरे कात्रीने गोल कापून घ्या. चौकोनी कोपरा मोज्यात अडकून उचलला जातो, मग सगळी पट्टी गोळा होते आणि ती गोळी स्वतःच टोचायला लागते. सुरकुती पडू द्यायची नाही. पट्टी रात्री काढायची तर आधी पाण्याने भिजवायची, नाहीतर कातडीही तिच्याबरोबर येते. व्हॅसलिनचा उपाय पुष्कळजण सांगतात. थोडा वेळ बरं वाटतं, पण लांब चालायचं असेल तर पट्टीच बरी.

टाच आत वरखाली होत असेल तर आधी नाड्यांकडे बघा. बऱ्याच स्पोर्ट्स शूजना घोट्याजवळ एक जादा भोक असतं आणि ते आपण कायम रिकामं सोडतो. नाडीचं टोक त्याच बाजूच्या त्या भोकात बाहेरून आत घाला. वरच्या दोन भोकांच्या मध्ये एक लहान फासा तयार होईल. दोन्ही बाजूंना असे फासे झाले की उजवी नाडी डाव्या फाशातून, डावी नाडी उजव्या फाशातून ओवायची, ओढून घ्यायची आणि मग नेहमीची गाठ मारायची. टाच मागे पक्की बसते, पंजाला मात्र मोकळीक राहते. चापोरा किल्ल्यावरून सुट्या तांबड्या खडीवरून उतरताना याचा फरक कळतो, कारण उताराला पाय पुढे सरकून नखं आपटतात ती आपटत नाहीत.

फोड येण्याआधी ती जागा चुरचुरते, लाल होते. तेव्हाच थांबायचं. ‘हॉटेलवर गेल्यावर बघू’ म्हणून पुढे चाललात तर पुढचे दोन दिवस गेलेच. फोड आलाच तर आणि लहान असेल तर फोडू नका, झाकून ठेवा. मोठा, ठणकणारा असेल तर साबणाने धुऊन, स्पिरिटने पुसलेल्या सुईने कडेला टोचून पाणी काढा, पण वरची कातडी ओरबाडून काढू नका. तीच खालच्या जखमेचं झाकण आहे. आजूबाजूची लाली पसरत गेली, पू दिसला किंवा ताप आला तर घरगुती उपाय बंद करून डॉक्टरांकडे जायचं. मधुमेह असलेल्यांनी सुई-बिई काही करू नये, सरळ डॉक्टरांना दाखवावं.

मापच चुकलंय हे कसं ओळखायचं

सगळं करूनही त्रास होत असेल तर बूट लहान आहे, आणि बहुधा लांबीला नाही तर रुंदीला. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभर लाखभर लोकांच्या पायांची मापं घेतली तेव्हा आपले पाय युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा रुंद असल्याचं दिसून आलं. दुकानात मात्र आपण इंग्लंडच्याच नंबरांनी बूट मागतो. पंजाला घट्ट वाटलं की दुकानदार एक नंबर मोठा देतो. एका नंबराने लांबी साधारण ८.५ मिलिमीटर वाढते, पंजाला थोडं सैल होतं आणि टाच आत नाचायला लागते. रुंद पायाच्या माणसाने रुंद ठेवणीचा बूटच शोधावा.

खरेदी संध्याकाळी करा, दिवसभराने पाय थोडा फुगलेला असतो तेव्हा. सहलीत घालायचे तेच मोजे घालून बघा. दोन्ही पाय वेगळे असतात, मोठ्या पायाला येईल तो नंबर घ्यायचा. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटाच्या पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. दुकानात गालिचा असतो, त्यावर सगळंच मऊ लागतं. फरशीवर चालून बघा, पायरी असेल तर उतरून बघा.

आणि निघायच्या आदल्या रात्री नवे बूट घेऊन येऊ नका. निदान दोन आठवडे आधी घ्यावेत, आधी घरात, मग भाजी आणायला, मग एखाद्या रविवारी तासभर चालायला.

कोल्हापुरी चावते

खरी कोल्हापुरी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची असते, त्यामुळे ती तेल पिते आणि मऊ पडते. कान आणि पट्टा यांच्या आतल्या बाजूला एरंडेल किंवा खोबरेल बोटाने चोळायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी पुसून घ्यायचं. दोन-चार रात्री असं केलं आणि घरात वापरली की चावणं थांबतं. अंगठ्याच्या बेचक्यात घासत असेल तर त्या जागी आठवडाभर मायक्रोपोरची पट्टी. रेक्झीनची नक्कल असेल तर कितीही तेल पाजा, काही होत नाही.

एवढं करून ती समुद्रावर न्यायची नाही. फोटोसाठी सुद्धा नाही! खारं पाणी चामड्यातलं तेल घेऊन जातं, सुकल्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटतात आणि तळ पापडासारखा वाकडा होतो. भिजलीच तर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने मीठ पुसा, सावलीत सुकवा, पूर्ण सुकल्यावर तेल लावा. उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलीत तर ती परत सरळ होत नाही.

भर रस्त्यात तळ निघाला

ही तक्रार ऐकताना गंमत वाटते, पण ज्याच्यावर येते त्याचे हाल होतात. बूट दिसायला नवे असतात. ‘चार-पाच वर्षांपूर्वी घेतले होते, फारसे वापरलेच नाहीत’ हे वाक्य हमखास असतं, आणि कारण त्या वाक्यातच आहे.

पुष्कळ बुटांचा तळ किंवा त्यातला मधला मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतली ओल या पदार्थाची साखळी हळूहळू तोडत जाते, बूट वापरा नाहीतर कपाटात ठेवा. उलट, नुसते ठेवून दिलेले बूट जास्त लवकर जातात, आणि प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवलेले असले तर बघायलाच नको. मग एक दिवस लग्नासाठी किंवा सहलीसाठी बाहेर काढले जातात, तासभर चालल्यावर तळाला तडा जातो आणि काळे तुकडे मागे सांडत जातात. कोकण-गोव्यात राहणाऱ्यांना हे जास्त भोगावं लागतं, पण मुंबईचं हवामान तरी कुठे कोरडं आहे?

निघायच्या आठवडाभर आधी तपासणी करा. बूट दोन्ही हातांत धरून पंज्याजवळ वाकवा. तळाच्या बाजूला बारीक भेगा दिसतात का? नखाने कडेला दाबा. चिकट लागतं किंवा भुगा पडतो का? टोकाला आणि जिथे बूट वाकतो तिथे वरचा भाग आणि तळ यांच्यात फट दिसते का? मग ते बूट घालून घराजवळ तासभर चाला. निघायचा असेल तर तळ तुमच्या गल्लीत निघू दे, दूधसागरच्या वाटेवर नको.

निघालाच, तर आधी नेमकं काय झालंय ते बघा. तळ अखंड आहे आणि फक्त डिंक सुटलाय, तर दुरुस्ती होते. तळ भुसभुशीत होऊन तुटतोय, तर कुठलाही डिंक त्याला धरणार नाही, कारण धरायला काही शिल्लकच नाही. ते बूट फेकून द्या आणि जवळच्या बाजारातून सँडल घ्या. फोंडा, म्हापसा, मडगाव, पणजी कुठेही मिळतात.

तळ अखंड असेल तर मोच्याकडे जा आणि नुसता डिंक लावून घेऊ नका, कडेने शिलाई मारून घ्या. आरीने भोक पाडून मेणाच्या दोऱ्याने मारलेली शिलाई समुद्राच्या पाण्यालाही दाद देत नाही. घरी चिकटवायचा असेल तर फेविक्विकच्या वाटेला जाऊ नका. तो सुकला की काचेसारखा कडक होतो आणि दर पावलाला वाकणाऱ्या जागी पहिल्या तासात तडकतो. मोची वापरतात तो रबरी डिंक आणा. जुना डिंक आणि वाळू खरवडून, दोन्ही बाजू पॉलिश पेपरने घासून, पूर्ण सुकवून घ्यायच्या. मग दोन्ही बाजूंना पातळ थर लावायचा आणि लगेच चिकटवायचं नाही. बोटाला लागेनासा होईपर्यंत, साधारण दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग एकदाच नीट जुळवून जोर लावून दाबायचं. रात्रभर दोरीने करकचून बांधून ठेवलं तर उत्तम. आतून ओला राहिलेला बूट चिकटवला तर तो परत सुटतोच, आणि लोक नाव डिंकाला ठेवतात.

वाटेतच अडकलात तर इलेक्ट्रिशियनची टेप पंज्याभोवती दोन-तीन वेढे, किंवा नाडी काढून तळाखालून बांधा. गाडीपर्यंत जाता येतं.

रात्रीच्या गाडीने आलो, सकाळी बूट चढेना

कोकणकन्या असो की रात्रीची बस, तासन्‌तास पाय खाली लोंबते ठेवून बसलं की पायात पाणी उतरतं. मडगावला उतरताना बूट घट्ट होतात. प्रवासात पट्टे सैल करता येतील असे सँडल घाला, मधूनमधून उठून चाला, टाचा वरखाली करा. पोचल्यावर अर्धा तास पाय उशीवर ठेवून पडा, सूज उतरते. सूज उतरायच्या आत घट्ट बूट चढवून दर्शनाला पळालात तर फोडाचं निमंत्रण दिलंत म्हणून समजा. सूज एकाच पायाला असेल, पोटरी दुखत असेल आणि गरम लागत असेल तर मात्र वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवा, ते प्रकरण वेगळं असू शकतं.

वाळूने पट्ट्याखाली सोलतं

ओल्या पायाला लागलेली वाळू पट्ट्याखाली गेली की पॉलिश पेपरचं काम करते. झटकून ती निघत नाही, धुवावी लागते, आणि पाय व पट्टा दोन्ही धुवावे लागतात. पाण्याची सोय नसेल तर पाय आधी वाऱ्यावर सुकू द्या, मग थोडी टाल्कम पावडर टाकून पुसा, वाळू झडून पडते. मुलांना हे फार आवडतं. कापडी कॅनव्हासचे बूट घालून वाळूत जाऊ नये. वाळू शिवणीत शिरते आणि घरी गेल्यावरही महिनाभर निघत राहते.

चटके बसतात

मे महिन्यात दुपारी कोरडी वाळू आणि देवळाचं फरसबंद अंगण, दोन्हीवर अनवाणी पाय ठेवून बघा. उन्हात तापलेली वाळू ५० अंशांच्या वर सहज जाते. दर्शन सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर घ्या. दुपारीच वेळ मिळाला तर एक स्वच्छ मोज्यांचा जोड वेगळा ठेवा आणि तो घालून अंगण ओलांडा.

घरात मधुमेही वडीलधारी माणसं असतील तर याकडे जास्त लक्ष द्या. त्यांच्या तळपायाची संवेदना कमी झालेली असू शकते, चटका बसला तरी त्यांना कळत नाही. ‘मला काही होत नाही गं, मी लहानपणापासून देवळात अनवाणीच जाते’ असं सासूबाई म्हणतील. म्हणू देत. त्यांना मोजे द्या, किनाऱ्यावर चप्पल काढू देऊ नका, आणि रात्री निजण्याआधी दोन्ही तळपाय दिव्याखाली बघा. फुटलेली बाटली, शिंपल्याची कड, कालवाची कपची कधी लागली ते त्यांना आठवणारसुद्धा नाही.

पाय घसरतो

इथे मला जरा कडक बोलावं लागतं. हणजूण, वागातोर, हरमल या किनाऱ्यांना लागून खडपं आहेत. ओहोटीला ती उघडी पडतात, वर हिरवं शेवाळ आणि कालवं. फोटो चांगला येतो म्हणून पाहुणे चढतात, पायात गुळगुळीत तळाच्या रबरी स्लीपर. शेवाळावर कुठलाच तळ धरत नाही, महागाचा असला तरी. खोल खाचा असलेला मऊ रबराचा तळ ओल्या उघड्या दगडावर मदत करतो, शेवाळ दिसलं की तिथे पायच ठेवायचा नाही. अनवाणी गेलात तर कालवाच्या कडा तळपाय कापतात, आणि ती जखम भरायला वेळ घेते.

आपल्या चपलेची परीक्षा घरीच घेता येते. न्हाणीघराची फरशी ओली करा, भिंतीला हात धरून पाय ठेवा आणि सरकवून बघा. कडक, हलक्या फोमचे तळ इथेच नापास होतात. जुन्या रबराच्या खाचा झिजून सपाट झाल्या असतील तर ती चप्पल घरातच राहू द्या. फोमच्या क्लॉगचा (पुढून बंद, मागून मोकळी चप्पल) आणखी एक गुण म्हणजे ते उन्हात आकसतात. मे महिन्यात बंद गाडीत राहिले तर संध्याकाळी एक नंबर लहान झालेले सापडतील.

दूधसागरला कुळ्याहून जीप जाते, पण जीपमधून उतरल्यावर धबधब्यापर्यंत दगडांवरून, झाडांच्या मुळांवरून चालावं लागतं. पाण्यात उतरायचं ते त्याच पायांनी. तिथे मागे पट्टा असलेले, पुढून बंद, पाणी निथळून जाणारे सँडल किंवा ॲक्वा शूज लागतात. स्लीपर एका खाचेत अडकली की निघून वाहून जाते. दिवाडीला जाताना जुन्या गोव्याच्या धक्क्यावर फेरीबोटीचा उतार असतो, तो ओहोटीला निसरडा होतो. गाड्यांच्या आधी उतरायची घाई करू नका.

पावसाळ्यात येत असाल तर तांबडी सुर्लच्या जंगलात जाल आणि बूट घालूनच जाल, हे गृहीत धरते. कदंबकालीन महादेवाचं देऊळ बघण्यासारखं आहेच, पण वाटेवर जळवा असतात. लांब मोजे घाला, पँट त्यांत खोचा. चिऱ्याच्या जुन्या पायऱ्या पावसात सगळीकडेच हिरव्या होतात, आमच्या अंगणातल्यासुद्धा.

स्कूटर भाड्याने घेणाऱ्यांना एकच सांगणं. स्लीपर घालून चालवू नका. सिग्नलला पाय टेकताना ती मागेच राहते.

स्लीपरचा अंगठा निसटला

तळाखालच्या बटणाला थोडं साबणाचं पाणी लावा, भोकातून परत आत ओढा. भोक मोठं झालं असेल तर तळाच्या खालच्या बाजूने, बटणाच्या वर, दांड्यातून सेफ्टी पिन आडवी घाला. पिन बंद आहे ना आणि टोक बाहेर नाही ना हे बोट फिरवून बघा. ही दुरुस्ती किनाऱ्यावरून खोलीपर्यंत येण्यापुरतीच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पिन लावलेली स्लीपर घालून फिरायला निघालेले लोक मी बघितलेत, त्यांनी नवी स्लीपर तिथेच घेतली असती तर बरं झालं असतं.

ओले बूट सुकत नाहीत, वास येतो

वास घामाचा नसतो, ओलीत वाढणाऱ्या जिवाणूंचा असतो. म्हणून वर अत्तर-पावडर मारून उपयोग नाही, बूट सुकायला हवा. आतला सोल बाहेर काढा, नाड्या सैल करा, जीभ बाहेर ओढा. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन-तीन तासांनी बदला. पहिले बोळे चिंब होतात, तेच रात्रभर ठेवले तर काही साधत नाही. पंख्याखाली ठेवा, गॅसजवळ नको, हेअर ड्रायरही नको, उष्णतेने डिंक सैल होतो. सुकल्यावर वास राहिला तर चमचाभर खायचा सोडा आत भुरभुरून सकाळी झटकून टाका.

इथल्या हवेत एका रात्रीत बूट पूर्ण सुकत नाही, पावसाळ्यात तर नाहीच. म्हणून माणशी दोन जोड आणा आणि आलटून पालटून घाला: एक चालायचा, रुळलेला, बंद बूट, दुसरा पाण्यात चालणारा, मागे पट्टा असलेला सँडल. खोलीत घालायला स्लीपर हवी असेल तर ती तिसरी. संध्याकाळी बोटीवरच्या कॅसिनोत किंवा मोठ्या हॉटेलात जायचा बेत असेल तर काही ठिकाणी स्लीपरवर आत सोडत नाहीत, तिथे बूट उपयोगी पडतो. उंच टाचांचे सँडल वाळूत रुततात आणि खडीत मुरगळतात, त्यांची जागा लग्नाच्या हॉलमध्ये.

निघायच्या दिवशी चामड्याचं सोडून बाकी सगळं पादत्राण गोड्या पाण्यात खळबळून मीठ आणि वाळू काढा. ओलं राहिलं तर प्लास्टिकच्या पिशवीत नको, वर्तमानपत्रात गुंडाळून कापडी पिशवीत भरा. आणि घरी पोचल्यावर कपडे धुवायला टाकण्याआधी ती पिशवी उघडा, सँडल बाल्कनीत सावलीला दोन दिवस ठेवा, चामड्याच्या चपलेला तेलाचा हात द्या, बूट खोक्यात न भरता उघड्या मांडणीवर ठेवा आणि मधूनमधून घालत राहा.